आजोळच्या पारावरची प्रश्नपेटी

दोस्तांनो, आजोळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सुट्टी, आंबे, आजीच्या हातचं थालीपीठ आणि लाड करणारा मामा! माझंही आजोळ तसंच होतं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं एक छोटंसं गाव. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. का, ते पुढे वाचलंत की तुमचं तुम्हालाच कळेल.

या आजोळी मी मोठी झाल्यावर फारशी गेलेच नव्हते. लग्नकार्याला सकाळी जायचं आणि संध्याकाळी परतायचं, एवढंच. पण २०२४ च्या नोव्हेंबरात गावच्या आशाताईंचा फोन आला. त्या माझ्या लहानपणच्या मैत्रीण. म्हणाल्या, "बाई झालीस म्हणून आजोळ विसरलीस व्हय गं? १ डिसेंबरला रविवार आहे. आमच्या पोरांचा कार्यक्रम आहे पारावर. ये बघायला." कसला कार्यक्रम, ते काही सांगितलं नाही. मी म्हटलं, येते!

सकाळी सातारा स्टँडवरून एसटी पकडली. उंब्रजपर्यंत पुणे-बंगळूरचा मोठा रस्ता. तिथून गाडी उजवीकडे वळली आणि सगळं चित्रच पालटलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारीची हिरवी शेतं, लांबवर धुक्यात बुडालेले डोंगर. मल्हारपेठ मागे पडली की कोयना सोबतीला येते. पाटणला तिला केरा नदी येऊन मिळते. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या संथपणे हात फिरवत उभ्या असतात. लहानपणी त्या नव्हत्या. तेव्हा खोऱ्याची ओळख म्हणजे दोनच गोष्टी, कोयनेचं धरण आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. आजी सांगायची, त्या पहाटे भांडी मांडणीवरून खाली आली आणि माणसं दारं सापडेनात म्हणून धडपडली. कित्येक दिवस गाव उघड्यावर झोपत होतं.

या खोऱ्याची आणखी एक ओळख आहे. इथली शेतं चिमुकली, डोंगरउताराची. पोट भरायला माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली. बंदरात आणि बाजारात डोक्यावर, पाठीवर ओझी वाहिली. त्यांना म्हणतात माथाडी कामगार. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यामुळं १९६९ साली माथाडींसाठी कायदा झाला. घरोघरचे बाप, काका, मामा मुंबईत आणि आया, आज्या, पोरं गावात, अशी ही गावं.

माझा मामाही माथाडी होता. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे. गणपतीला आणि शिमग्याला तो यायचा. खिशात लेमनच्या गोळ्या असायच्या. आम्ही भाचरं त्याच्याच ताटात जेवायचो. घास कुणाला आधी, यावरून भांडायचो!

पाटणला उतरून वडापच्या जीपमध्ये बसले. (वडाप म्हणजे माणसं खच्चून भरल्याशिवाय न सुटणारी जीप, हे आमच्याकडच्या मुलांना सांगायला नको!) अर्ध्या तासात गाव आलं. भाताची काढणी आटोपली होती. खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. शाळेजवळचा वडाचा पार तस्साच होता. पण पारावर आज वेगळीच गडबड होती.

पारापुढच्या अंगणात चुन्यानं दोन मोठी वर्तुळं आखलेली. एका वर्तुळात लिहिलं होतं 'पसरतो', दुसऱ्यात 'पसरत नाही'. साठ-सत्तर मुलंमुली जमलेली, सहावी-सातवीपासून कॉलेजपर्यंतची. त्यांच्यापुढे चार जण उभे होते, दोन मुली आणि दोन मुलगे. छातीवर लाल फीत लावलेली. मला वाटलं, मागून कुणी डॉक्टर नाहीतर साहेब येतील आणि भाषण करतील. पण कुणी आलंच नाही. कार्यक्रम हे चौघंच घेणार होते!

"हे आमचे साथिया," आशाताई म्हणाल्या.

७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्यात गावातलीच काही मुलंमुली निवडतात, त्यांना शिकवतात आणि मग ती आपल्या सवंगड्यांना सांगतात. त्यांचं नाव साथिया. खाणंपिणं, रक्तातलं लोह, मासिक पाळी, व्यसनं, मनावरचा ताण, वयात येताना होणारे बदल, एचआयव्ही... सगळं काही. कुणाला जास्त विचारायचं असेल तर सरकारी दवाखान्यात 'मैत्री' नावाचं केंद्र असतं, तिथं घेऊन जायचं.

त्या चौघांतली मोठी मुलगी अकरावीत होती. रोज एसटीनं पाटणला कॉलेजला जाणारी. तिनं टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "आज १ डिसेंबर. जागतिक एड्स दिन. १९८८ पासून जगभर पाळतात. आता मी कार्ड दाखवीन, तुम्ही पळायचं. चुकलात तरी हसायचं नाही कुणाला!"

पहिलं कार्ड. हात मिळवणं. सगळे धावले 'पसरत नाही'मध्ये. दुसरं कार्ड. एकच सुई दोघांनी वापरणं. सगळे 'पसरतो'मध्ये. तिसरं कार्ड. डास! आता मात्र गोंधळ उडाला. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आणि खरं सांगू? माझी पावलंही चुकीच्या वर्तुळाकडे वळली होती!

"डास रक्त पितो, पण दुसऱ्याला चावताना पहिल्याचं रक्त त्याच्यात सोडत नाही," एक मुलगा सांगू लागला. "तो सोडतो आपली लाळ. शिवाय हा विषाणू डासाच्या पोटात वाढतच नाही. म्हणून मलेरिया डासानं होतो, एचआयव्ही होत नाही."

मग त्यानं एचआयव्ही करतो तरी काय, ते सांगितलं. ते इतकं सोपं होतं की मी माझ्या वहीत लिहून घेतलं. तो म्हणाला, "कबड्डीत समोरच्या संघानं आधी आपल्या कप्तानालाच बाद केलं तर? बाकीचे असून नसल्यासारखे होतात. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही कप्तानासारख्या. एचआयव्ही नेमका त्यांनाच धरतो. मग साधा खोकला, साधा जुलाबही हटत नाही, टीबी होतो. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही त्यानं आणलेली अवस्था. दोन्ही एक नव्हेत!"

एचआयव्ही चारच वाटांनी येतो, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. असुरक्षित लैंगिक संबंध. दूषित रक्त. एकमेकांची वापरलेली सुई. आणि आईकडून बाळाला, गरोदरपणी, जन्माच्या वेळी किंवा दुधातून. 'लैंगिक संबंध' हा शब्द उच्चारताना त्या मुलीचा आवाज जराही चाचरला नाही. मागं दोन पोरं फिदीफिदी हसली. ती रागावली नाही. म्हणाली, "हसू येतंच पहिल्यांदा. मलाही आलं होतं ट्रेनिंगला. हसून घ्या, मग ऐका." पोरं गप्प झाली. मग तिनं निरोध कशासाठी वापरतात तेही सांगितलं. आणि हेही सांगितलं, की कुणी कितीही गळ घातली, 'सगळे करतात' म्हटलं, तरी 'नाही' म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं रक्षण करायला २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. कुणी अंगाला नको तसा हात लावला तर गप्प बसायचं नाही. घरी सांगायचं, शाळेत सांगायचं, किंवा १०९८ हा फोन फिरवायचा.

तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेले एक आबा काठी आपटत म्हणाले, "अगं पोरी, या वयात हे कशाला सांगतीस ह्यांना? नको ते सुचायचं!"

सगळे चूप. ती मुलगी आशाताईंकडे बघू लागली. आशाताई हळूच म्हणाल्या, "आबा, तुमच्या वक्ताला कुणी काय सांगितलं नव्हतं. मग व्हायचं ते राहिलं का आपल्या गावात?"

आबा काहीच बोलले नाहीत. काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. पण उठून गेले नाहीत हं!

पुढचं कार्ड आलं. 'एका ताटात जेवणं.'

पोरं क्षणात धावली. सगळीच्या सगळी 'पसरत नाही'मध्ये. एक चिमुरडी तर धावता धावता पडली आणि हसत उठली. आणि मी मात्र जागची हलले नाही. मला १९९८ साल आठवलं.

त्या वर्षी मी चौथीत होते. दिवाळीला आजोळी गेले तर मामा शिमग्याच्या आधीच गावी आलेला. खूप वाळलेला. सारखा ताप, सारखा खोकला. गाव कुजबुजायचं, "मुंबईचा आजार." त्याची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलेली. एक जर्मनची थाळी फक्त त्याची. ती कुणी हातात घ्यायची नाही, वरून पाणी ओतायचं. मोठ्यांनी आम्हाला सांगितलं, जवळ जायचं नाही. कुणी वाईट नव्हतं. सगळे घाबरलेले होते. एके दिवशी मामानं मला हाक मारली आणि मुठीतली लेमनची गोळी पुढे केली. मी ती घेतली नाही. पळून गेले. १९९९ च्या उन्हाळ्यात मामा गेला. त्या गोळीची गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

खेळ संपला. मग आली प्रश्नपेटी. चपलांच्या खोक्याला लाल कागद चिकटवलेला, वर चीर पाडलेली. आदल्या आठवडाभर ती शाळेच्या व्हरांड्यात ठेवली होती. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काहींनी डाव्या हातानं लिहिलं होतं!

"पाळीत लोणच्याला हात लावला तर खराब होतं का?" नाही होत. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, शरीराचं नेहमीचं काम आहे.

"माझ्या वर्गातल्या सगळ्यांना मिशा आल्या, मला नाही." प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. थांब थोडा!

"एचआयव्ही भारतात कुणी शोधला?" या चिठ्ठीवर त्या मुलीनं छान गोष्ट सांगितली. १९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. लोकांना वाटत होतं, आपल्याकडं हा आजार येणारच नाही. वेल्लोरला तपासणी झाली आणि भारतात एचआयव्ही आल्याचं पहिल्यांदा समजलं. डॉ. सुनीती या मूळच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या. त्यांनी पुढे आयुष्यभर या रुग्णांची सेवा केली. लोक दूर पळत असताना त्या रुग्णांजवळ बसल्या.

"काविळीची लस आहे, मग याची का नाही?" मुलगी जरा थांबली. म्हणाली, "लस अजून नाही, एवढं माहीत आहे. का नाही, ते मला नीट येत नाही. सिस्टरांना विचारून पुढच्या रविवारी सांगते." आणि तिनं ते वहीत टिपून ठेवलं. मला तिचं हेच सगळ्यांत आवडलं. आम्ही मोठी माणसं 'माहीत नाही' म्हणायला किती लाजतो!

पुढची चिठ्ठी तिनं उघडली, वाचली आणि घडी करून ठेवून दिली. "यात विचारलंय, आपल्या गावात कुणाला आहे. याचं उत्तर आम्ही देत नाही. कधीच देणार नाही. आम्हाला माहीत असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही. ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं." मग ती म्हणाली, "२०१७ साली कायदा झालाय. सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला शाळेतून, नोकरीवरून, दवाखान्यातून काढता येत नाही. आणि कुणाचं नाव परवानगीशिवाय फोडताही येत नाही."

आता कळलं ना, मी गावाचं नाव का सांगितलं नाही ते? लहान गावात नावावरून घर शोधायला वेळ लागत नाही.

शेवटची चिठ्ठी माझी होती. मी आयत्या वेळी लिहून टाकली होती. "औषध घेतलं तर माणूस जगतो का?"

"जगतो की!" कबड्डीवाला मुलगा म्हणाला. "विषाणू शरीरातून पुरता जात नाही, पण औषधानं तो दबून राहतो. औषध रोज घ्यायचं, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. मग माणूस काम करतो, लग्न करतो, बाकीच्यांसारखा म्हातारा होतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. आईनं वेळेवर औषध घेतलं तर बाळही बहुतेक वेळा सुखरूप राहतं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. औषधही फुकट. १ एप्रिल २००४ पासून."

२००४. मी मनात वजाबाकी केली. पाच वर्षं कमी पडली होती.

कार्यक्रम संपला. मुलांनी चुन्याची वर्तुळं पायांनी पुसत पुसत लगेच तिथंच लगोरी मांडली. मी आजीकडे गेले. आजी आता नव्वदीला टेकली आहे. मला वाटलं, ती घरीच असेल. पण ती पाराच्या मागच्या भिंतीला टेकून सगळं ऐकून आली होती! चुलीपाशी भाकरी थापताना तिनं एकदम विचारलं,

"ती पोरगी म्हणली, एका ताटात जेवलं तर कायबी होत न्हाई. खरं हाय का गं? तू मास्तरीण हायस."

"खरं आहे आजी."

"म्हंजी तवाबी खरं व्हतं?"

"तेव्हाही खरंच होतं."

आजी बराच वेळ बोलली नाही. तव्यावरची भाकरी फुगली, ती तिनं उलथली. मग म्हणाली, "आमास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

मी तिला लेमनच्या गोळीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. ती म्हणाली, "ल्हान व्हतीस तू. त्याला ठावं व्हतं ते. तो रागावला नव्हता." आणि मग आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. भाकरी, घेवड्याची आमटी आणि कांदा. मामाची आठवण काढत, बऱ्याच वर्षांनी मोकळेपणानं.

रात्रीच्या मुक्कामात मला झोप लागेना. माझं स्वतःचं डी.एड. चाललं होतं २००७ मध्ये. त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून मोठा गदारोळ झाला आणि ते थांबवलं गेलं. आम्हा भावी शिक्षकांनाही हायसं वाटलं, चला, अवघड विषय टळला! आणि याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ इतकी वर्षं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले सोसले, पण शरीराविषयी खरं बोलणं सोडलं नाही. आम्ही शिक्षक जे टाळत आलो, ते अकरावीतली एक मुलगी पारावर उभी राहून करत होती.

पालकांनो, तुम्हीही हे वाचत असाल. मुलं प्रश्न विचारणारच. आपण उत्तर दिलं नाही तर ती मोबाइलला विचारतील, नाहीतर अर्धवट माहिती असलेल्या मित्राला. त्यापेक्षा पूर्ण माहिती असलेला मित्र काय वाईट? आणि आपल्याला उत्तर येत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत फोन आहे. मुलांसमक्ष लावा. आपणही शिकतो आहोत, हे त्यांना दिसू द्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. कोयनेवर धुकं होतं. स्टॉपवर ती अकरावीतली मुलगी दप्तर घेऊन उभी होती, पाटणच्या कॉलेजला निघालेली. मी तिला म्हटलं, "काल तू फार छान सांगितलंस."

ती म्हणाली, "बाई, लसीचं उत्तर मिळालं नाही अजून. आज दवाखान्यात जाऊन सिस्टरांना विचारणार आहे." तिला तेवढीच काळजी होती!

दोस्तांनो, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आता एक खोकं आहे. वर चीर पाडलेली, लाल कागद लावलेला. पहिल्या आठवड्यात फक्त एक चिठ्ठी आली, तीही कोरी. दुसऱ्या आठवड्यात सात आल्या. तुमच्या शाळेतही ठेवून बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणी आजारी असलं, आजार कोणताही असो, त्यानं हात पुढे केला तर पळून जाऊ नका. आधी खरं काय ते विचारा. आणि गोळी घ्या.